ती चिकटवही स्किपमध्ये टाकू नका: आयर्लंडमधल्या मराठी मंडळींना खुले पत्र

आयर्लंडमध्ये राहणाऱ्या समस्त मराठी मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र डब्लिनच्या आयटीवाल्यांनी वाचलं तर आनंदच आहे, पण खरं लिहिलंय ते बाहेरच्या काउंट्यांत राहणाऱ्यांसाठी. मुलिंगर, ट्रॅली, कॅव्हन, बॅलिना अशा ठिकाणी नर्सिंग होममध्ये काम करणाऱ्या आपल्या परिचारिका आणि केअरर, म्हाताऱ्या शेजाऱ्याचं घर आवरायला हात लावणारे, स्वस्तात पडीक घर घेऊन शनिवार-रविवार वॉलपेपर खरवडत बसणारे, असे आपण आता या देशात बरेच झालो आहोत. तुमच्यापैकी कुणाच्या तरी हाती कधी ना कधी वर्तमानपत्राची कात्रणं चिकटवलेली एक जुनी, फुगलेली, कुबट वासाची वही येणार आहे. विनंती एवढीच, की ती स्किपमध्ये, म्हणजे घर आवरताना दाराशी आणून ठेवतात त्या कचऱ्याच्या लोखंडी पेटीत, जाऊ देऊ नका. घरच्यांना विचारा आणि त्यांची हरकत नसेल तर आहे तशी उचलून तुमच्या काउंटी लायब्ररीच्या लोकल स्टडीज, म्हणजे स्थानिक इतिहासाच्या, विभागात नेऊन द्या.

हे मराठीत लिहिण्याचं कारण सरळ आहे. इथल्या इतिहासप्रेमींना अशा वहीची किंमत मी सांगायला नको. गावोगावी त्यांच्या इतिहास संस्था आहेत आणि त्यांची वार्षिकं निघतात. पण घर रिकामं होतं त्या दिवशी ही माणसं तिथे नसतात. मुलं सिडनीला नाहीतर टोरांटोला असतात, फोनवर म्हणतात, ‘ठेवण्यासारखं काही नाही, सगळं काढून टाका.’ त्या खोलीत काळी पिशवी धरून प्रत्यक्ष उभे असतो आपण. आणि आपल्याला त्या वहीतलं एकही नाव ओळखीचं नसतं.

आधी ती ओळखायची कशी ते सांगते. दुकानातून आणलेलं देखणं स्क्रॅपबुक क्वचितच निघतं. शाळेची वही, वाण्याचं भरून संपलेलं खातेपुस्तक, वॉलपेपरच्या नमुन्यांचा कॅटलॉग, क्रीमरीच्या, म्हणजे गावच्या दूध डेअरीच्या, हिशेबाची वही, जे हाताशी होतं त्यावर पिठाच्या खळीनं कात्रणं डकवलेली असतात. कागद महाग, वर्तमानपत्र त्या मानानं स्वस्त. कडेनं खालची अक्षरं डोकावतात, चहा, साखर, पॅराफिन, कुणाची किती उधारी. म्हणजे एका वहीत दोन दप्तरं असतात, एक दुसऱ्याच्या पोटात. म्हणूनच कात्रणं सोडवून ‘नीट’ लावायच्या फंदात पडू नका.

आत सगळ्यात जास्त काय असतं? मरण. अमेरिकेतले आयरिश लोक मृत्यूवार्तेच्या पानाला थट्टेनं ‘आयरिश स्पोर्ट्‌स पेज’ म्हणतात, ते उगाच नाही. जुन्या स्थानिक पेपरात अंत्यविधीची बातमी लांबलचक येई. मुख्य शोककर्ते कोण, त्यातला मुलगा कोण, जावई कोण, पुतण्या कुठून आला, कोण बोस्टनहून येऊ शकलं नाही, कोणती मुलगी नन होऊन परदेशी मिशनमध्ये आहे. एका बातमीत चार पिढ्यांचं कुटुंब उभं राहतं. शिवाय प्रत्येकाच्या नावापुढे टाउनलँडचं नाव असतं. आयर्लंडात साठ हजारांवर टाउनलँड आहेत, आपल्या वाडी-शिवारासारखे छोटे छोटे तुकडे, आणि त्यातल्या कितीतरींच्या नावाची पाटी आज रस्त्यावर दिसत नाही.

बाकी मग लग्नं, जमिनीचे लिलाव, नांगरणीच्या स्पर्धा, नव्या डान्स हॉलचं उद्‌घाटन, रात्री सायकलला दिवा नव्हता म्हणून कोर्टात झालेला दंड, हर्लिंग या इथल्या काठी-चेंडूच्या खेळाचे सामने, पेपरात आलेली गावच्या कुणाची तरी बरी-वाईट कविता. १९३२ ची युकॅरिस्टिक काँग्रेस हा कॅथलिकांचा मोठा धार्मिक मेळावा, १९६३ ची केनेडींची भेट, १९७९ ची पोपची भेट, हे तर प्रत्येक वहीत सापडेल आणि माझ्या मते ती पानं सगळ्यात कमी कामाची. केनेडी जगातल्या सगळ्या अर्काइव्हांत आहेत. सायकलला दिवा नसलेला माणूस बहुधा याच एका वहीत आहे.

आता कुणी म्हणेल, कात्रणच ना? मूळ वर्तमानपत्र कुठेतरी असेलच की. हा प्रश्न दुसऱ्या एखाद्या देशात चालून गेला असता. आयर्लंडात ‘मूळ कुठेतरी असेलच’ हे वाक्य फार जपून बोलावं लागतं.

३० जून १९२२ ला, आयर्लंडातल्या यादवी युद्धाच्या पहिल्याच दिवसांत, डब्लिनच्या फोर कोर्ट्‌स या न्यायालयांच्या आवारातला सरकारी दप्तरखाना प्रचंड स्फोटात आणि आगीत गेला. कित्येक शतकांचे कागद जळाले. १८२१ ते १८५१ च्या चार जनगणनांची घरोघरची पत्रकं, थोडेफार खंड सोडले तर, त्यात राख झाली. १८६१ आणि १८७१ ची तर सरकारनं स्वतःच आधी नष्ट करून टाकली होती, आणि १८८१ व १८९१ ची पहिल्या महायुद्धात लगद्याला गेली. म्हणून सामान्य आयरिश घराला आपले पूर्वज संपूर्ण जनगणनेत भेटतात ते एकदम १९०१ साली. त्या आधीचा, म्हणजे १८४० च्या दशकातल्या मोठ्या दुष्काळाच्या पुढचा-मागचा काळ, तुकड्यातुकड्यांनी जुळवावा लागतो.

यात एक गोष्ट मला फार आवडते. १९०८ च्या कायद्यानं सत्तरीच्या वरच्यांना पेन्शन मिळू लागलं. पण आयर्लंडात सर्वांच्या जन्माची सरकारी नोंद सुरू झाली १८६४ मध्ये. मग वय सिद्ध कसं करायचं? कुणी सांगे, १८३९ च्या जानेवारीतलं ते महाभयंकर वादळ, ‘बिग विंड’, मला आठवतंय. बाकीच्यांसाठी अधिकारी १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेत नाव शोधत आणि जे सापडे ते एका फॉर्मवर उतरवून ठेवत. पुढे जनगणना जळाली आणि हे फॉर्म राहिले. आज राष्ट्रीय अभिलेखागारात ते जपलेले आहेत. हजारो कुटुंबांचा मूळ कागद गेला आणि कुणा कारकुनानं पेन्शनपायी खरडलेला उतारा तेवढा हाती आहे. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या पुढाकारानं २०२२ मध्ये ‘व्हर्च्युअल रेकॉर्ड ट्रेझरी’ सुरू झाली, तीही अशाच नकला, उतारे, इतरत्र राहिलेल्या प्रती जमवूनच.

वर्तमानपत्रांचंही तेच. ब्रिटिश अमलात इथल्या पेपरांच्या प्रती लंडनला जमा होत, आणि त्या उत्तर लंडनच्या कॉलिंडेलला ठेवलेल्या असत. २० ऑक्टोबर १९४० ला तिथे जर्मन बॉम्ब पडला. इंग्लंड-आयर्लंडच्या प्रांतिक वर्तमानपत्रांचे सुमारे ६,००० बांधीव खंड नष्ट झाले, आणखी सुमारे १५,००० खराब झाले. त्याआधी, डिसेंबर १९२० मध्ये, ब्रिटिश दलांनी कॉर्क शहर जाळलं तेव्हा सिटी हॉलशेजारची कार्नेगी लायब्ररीही गेली. एवढं होऊनही पुष्कळ पेपर वाचले आहेत, मायक्रोफिल्मवर आहेत, इंटरनेटवरही आहेत. पण सगळे नाहीत. आणि जे आहेत त्यांत यंत्राला शोधायला सांगितलं तर झिजलेल्या ठशांची अक्षरं ते भलतीच वाचतं. बारीक टाइपातली दोन ओळींची सूचना त्याच्या हाती लागत नाही. जुन्या गेलिक लिपीत, अक्षरांवर टिंबं देऊन छापलेला आयरिश मजकूर आला की तर आनंदच. शोधणाऱ्याला काय शोधायचं तेच ठाऊक नसेल तर डिजिटल अर्काइव्ह गप्प बसतं. वही बोलते, कारण कुणीतरी आधीच शोधून ठेवलेलं असतं.

आणि वहीत असं काहीतरी असतं जे मूळ पेपरात कधीच नव्हतं. कडेला पेन्सिलीनं लिहिलेलं ‘हा आमच्या आईचा चुलतभाऊ’. फोटोतल्या डोक्यांवर काढलेले आकडे आणि खाली नावं. बातमीत खोडलेलं एक वाक्य, शेजारी ‘खोटं’. १६ सप्टेंबर १९३७ ला स्कॉटलंडमधल्या किर्किन्टिलॉखला बटाटे काढायला गेलेली आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या अकिल बेटाची दहा पोरं झोपडीला आग लागून मेली. ती बातमी आयर्लंड आणि ब्रिटनभर छापून आली. पण अकिलच्या एखाद्या घरातल्या वहीत तीच बातमी असेल आणि दहांतल्या एका नावाखाली रेघ असेल, तर ती रेघ लंडनच्या प्रतीत नाही.

सरकारही कात्रणं ठेवत असे, बरं का. टॉमस लार्कम हा अधिकारी १८५३ ते १८६८ डब्लिन कॅसलमध्ये, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या इथल्या मुख्यालयात, अंडर-सेक्रेटरी होता, आणि त्याच्या कागदपत्रांत वर्तमानपत्रांच्या कात्रणांचे खंडच्या खंड आहेत. दुष्काळ, जमिनीच्या वादांतून झालेले गुन्हे, आयरिश स्वातंत्र्यासाठी लढणारे फेनियन बंडखोर. आज ते नॅशनल लायब्ररीत आहेत आणि अभ्यासक ते आदरानं उघडतात. लार्कमचा संग्रह मोलाचा आहेच. पण त्याला जो ‘गुन्हा’ दिसला तो कुणाच्या तरी घरचा मुलगा होता, आणि त्या घरातल्या कुणी कात्री घेऊन काय कापून ठेवलं हे आपल्याला कळायचं असेल तर ते लार्कमच्या खंडात मिळणार नाही. अधिकाऱ्याची चिकटवही दस्तऐवज आणि स्वयंपाकघरातली चिकटवही अडगळ, हा न्याय मला मान्य नाही.

वहीत काय नाही, हेही बघावं. पण इथे जरा सबुरीनं. १९२१ पर्यंत पानं भरभरून आणि मग एकदम १९२४ चा हर्लिंगचा सामना, असं दिसलं की मन लगेच म्हणतं, यादवी युद्धात भाऊ भावावर उठला, त्या घराला ते दिवस डकवून ठेवायचे नव्हते. असेलही तसं. किंवा घर केरीतलं असेल आणि ट्रॅलीचा ‘केरीमन’ हा पेपर १९२१ ते १९२३ या काळात बंदच होता, एवढंच असेल. म्हणून ती वही नुसती भावुक होऊन चाळण्यापेक्षा, ज्याला त्या गावचे पेपर माहीत आहेत अशा माणसाच्या हाती जायला हवी.

तारखेचं रडगाणं सगळ्याच वह्यांत असतं. कापणारीला तारीख पाठ होती, तिनं कशाला लिहावी? अशा वेळी कात्रणाची पाठ कामाला येते. मागच्या बाजूला डुकरांच्या बाजाराची तारीख, सिनेमाची जाहिरात, लोण्याचा भाव, अर्धवट कापलेली निवडणुकीची बातमी, काहीही. कडेनं सुटलेलं कात्रण असेल तर दोन्ही बाजूंचा फोटो घ्या, चिकटलेलं असेल तर ओढू नका. आयरिश न्यूजपेपर अर्काइव्ह्ज किंवा ब्रिटिश न्यूजपेपर अर्काइव्हवर पुष्कळदा अंक जुळतो, आणि बऱ्याच लायब्ररींच्या संगणकांवर असा शोध फुकट घेता येतो. लायब्ररीतली मंडळी हे काम आपल्यापेक्षा चांगलं करतात, आपण फक्त पुरावा बिघडवायचा नाही.

त्या बिघडवण्याबद्दल. आपल्याकडे टापटिपीची फार हौस. फाटलेलं दिसलं की सेलोटेप. सेलोटेपचा गोंद काही वर्षांत तपकिरी होतो, कागदात उतरतो आणि मग अक्षरांसकट राहतो. लॅमिनेशनही नको, ते परत काढता येत नाही. १८७० च्या पुढेमागे वर्तमानपत्राचा कागद चिंध्यांऐवजी लाकडाच्या लगद्यापासून होऊ लागला. त्यातलं आम्ल कागदाला पिवळा आणि ठिसूळ करतं. म्हणून कधी कधी १८५० चं कात्रण १९५० च्या कात्रणापेक्षा धडधाकट निघतं. ठिसूळ पान उलटताना सावकाश, वही सपाट ठेवून. पोटमाळ्यावर नको, शेडमध्ये नको, रेडिएटरजवळ तर नकोच. कोरड्या खोलीत खोक्यात ठेवा. मधे सुटी पडलेली मेमोरियल कार्डं, म्हणजे मृताच्या आठवणीसाठी छापलेली कार्डं, पत्रं, वाळलेली फुलं ज्या पानात होती त्याच पानात राहू द्या. आणि एका कागदावर पेन्सिलीनं लिहा की हे कुठल्या घरातून आलं, टाउनलँड कोणतं, कुणी ठेवलं होतं. घर विकलं गेलं की एवढी साधी माहितीही कुणाला सांगता येत नाही.

एक अडचण आधीच सांगून ठेवते. काही ठिकाणी काउंटरवर उत्तर मिळेल, ‘हे सगळं आमच्याकडे मायक्रोफिल्मवर आहे.’ वाद घालू नका. कडेच्या हस्ताक्षराचं पान उघडून पुढे करा आणि लोकल स्टडीजच्या ग्रंथपालांची वेळ मागा. जागा नाही म्हणाले तर सबंध वहीचे क्रमानं फोटो तरी घेऊन ठेवता येतील का विचारा, किंवा गावच्या इतिहास संस्थेचा पत्ता मागा. उत्तर आयर्लंडमध्ये असाल तर बेलफास्टला सरकारी अभिलेखागार आहे, आणि लिननहॉल लायब्ररी आहे. लिननहॉलवाल्यांनी १९६८ पासून पत्रकं, पोस्टर, बिल्ले असं लोक फेकून देतात तेच जमवून उत्तर आयर्लंडच्या संघर्षाचा अफाट संग्रह उभा केला आहे. त्यांना चिकटवहीचं महत्त्व पटवावं लागणार नाही.

आणि ही वही आपली नव्हे, हे लक्षात असू द्या. नर्सिंग होममधल्या आजोबांनी कौतुकानं दाखवली म्हणून व्हॉट्‌सअ‍ॅपवर फोटो टाकायचे नाहीत. लहान गाव आहे. १९५८ च्या कोर्टाच्या बातमीतला मुलगा आज चर्चमध्ये तुमच्या मागच्या बाकावर बसत असेल. आत्महत्येची चौकशी, लग्नाआधीचं मूल, जमिनीचा भाऊबंदकीचा खटला, असलं बरंच त्या पानांत असतं. कुणाला कधी दाखवायचं याचे नियम ग्रंथालयांकडे असतात, ते आपल्याकडे नसतात. ऑनलाइन विकून चार युरो कमावण्याबद्दल तर मी बोलतच नाही.

आपल्याला या वह्यांत काय सापडेल, असं कुणी विचारलं तर थोडं आहे, पण आहे. रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्स ही ब्रिटिश सैन्यातली आयरिश पलटण १८८१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या दोन जुन्या गोऱ्या पलटणींतून बनली, एक मद्रासची आणि दुसरी मुंबईची. तिच्या रणसन्मानांत ‘किर्की’ आहे, म्हणजे आपली १८१७ ची खडकीची लढाई, पेशव्यांच्या विरुद्ध बाजूनं. तिचा डेपो काउंटी किल्डेअरमधल्या नेस गावी होता. त्या भागातल्या जुन्या वहीत ‘पूना’ किंवा ‘देवलाली’ हे शब्द आले तर घाईनं पान उलटू नका. आणि वेस्टमीथमध्ये असाल तर टायरल्सपासचा जेम्स डॅली. आयर्लंडातल्या ब्रिटिश अत्याचारांच्या निषेधार्थ कॉनॉट रेंजर्स या ब्रिटिश सैन्यातल्या आयरिश पलटणीच्या सैनिकांनी जून १९२० मध्ये जालंधरला बंड केलं, ते सोलनला पोचलं आणि तिथल्या बंडाचा पुढारी म्हणून डॅलीला २ नोव्हेंबर १९२० रोजी डगशाईला गोळ्या घातल्या. १९७० मध्ये त्याच्या अस्थी गावी आणल्या. १९२० आणि १९७० ची कात्रणं एकाच वहीत दिसली, तर एका घरानं पन्नास वर्षं ती गोष्ट धरून ठेवली असं समजा आणि मला नाही तरी लायब्ररीला लगेच कळवा.

शिवाय क्रिकेट. इथे रविवारी खेळायला मैदान शोधता तेव्हा ‘हा आमचा खेळ नाही’ असं कुणी तरी ऐकवतंच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस किल्केनी, टिपेररी, वेस्टमीथमध्ये शेतकरी-मजूर गावोगावी क्रिकेट खेळत होते. पुढे हर्लिंगसारखे आयरिश खेळ चालवणाऱ्या गेलिक अॅथलेटिक असोसिएशननं आपल्या सभासदांना ‘परके खेळ’ खेळायला आणि बघायलाही बंदी घातली, ती थेट १९७१ मध्ये उठली, आणि गावच्या क्रिकेटची आठवण पुसत गेली. त्या क्लबांनी स्वतःची दप्तरं फारशी ठेवली नव्हती. आज आपल्याला त्यांच्याबद्दल जे कळतं त्यातलं बहुतेक स्थानिक पेपरांत छापलेल्या धावफलकांमुळेच.

तेव्हा आपलंही कात्रण ठेवत चला. तुमच्या गावच्या पेपरात गणपतीचा, दिवाळीचा किंवा क्रिकेट क्लबचा फोटो आला की तो फोनमध्ये सेव्ह करून थांबू नका, अंक विकत घ्या, कापा आणि पेपरचं नाव नि तारीख लगोलग लिहा. फोटोखाली आपली नावं चुकीची छापलेली असणारच, शेजारी बरोबर लिहून ठेवा. देवनागरीतच लिहा. शंभर वर्षांनी लायब्ररीवाल्यांना ते वाचायला माणूस शोधावा लागेल. शोधतील, गेलिक लिपीसाठी शोधतातच की.

आपली,
मिडलँड्‌समध्ये राहणारी एक मराठी वाचक